वर वळलेले हात

झुंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काच येते. लोलक, त्यांतून फुटणारे रंग, खिडकीतून झुळूक आली की होणारी किणकिण. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालातली झुंबरं बघायला माणसं लांबून येतात, आणि छत पेलेल की नाही याची खात्री करायला आधी वर हत्ती चढवले होते ही गोष्ट तिथे आवर्जून सांगितली जाते. वाड्यातल्या हंड्या-झुंबरांच्या आठवणी काढणारे तर घरोघर भेटतात. माझा जीव ज्यांच्यात अडकला ती झुंबरं बिडाची आहेत. काळी, जड, काचेचा एक तुकडा अंगावर नसलेली, खाली उतरवायला दोन माणसं लागणारी. त्यांची आठवण कोणी काढत नाही. म्हणून मी काढतो आहे.

बिडाचा दिवा मरतो तो दारूखान्यात. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, गोदीच्या कडेला, जिथे जहाजांचं लोखंड विकलं जातं तिथेच जुन्या मुंबईतली पाडलेली घरंही येऊन पडतात. जिन्यांचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, सज्जाखालचे कंस, पावसाच्या पाण्याचे नळ. तिथे नक्षीला भाव नाही, वजनाला आहे. बीड तर फोडूनच पुढे जातं, कारण भट्टीच्या तोंडात मावतील असेच तुकडे लागतात. घणाचा घाव बसला की पितळ वाकतं, पोलादाला खड्डा पडतो, बीड मात्र तडकून दोन होतं आणि फुटल्या जागी आतून करडं, रवाळ दिसतं. त्या लोखंडात शेकडा तीन-साडेतीन भाग कोळशाचा अंश असतो, तो बारीक पापुद्र्यांनी सगळीकडे पसरलेला असतो. म्हणूनच ते पाण्यासारखं पातळ होऊन साच्याच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरतं, आणि म्हणूनच घाव सोसत नाही. ज्या गुणामुळे त्याच्यात द्राक्षाचा वेल उमटतो, त्याच गुणाने तो वेल एका घावात जातो. दीडशे वर्षांमागे कोणीतरी वाळूत दाबून उमटवलेली पानं अशी टोपलीत भरली जाताना पाहिली की घशाशी येतं, आणि भाव काय लावलाय हे विचारायला माझा आवाज निघत नाही.

माझगावच्या एका पाडलेल्या बंगल्यातलं सहा हातांचं झुंबर मला तिथेच मिळालं. पाच हात शाबूत होते. सहावा मधोमध तुटलेला, पुढचा तुकडा गहाळ.

ते गॅसचं होतं. हे ओळखायला फार विद्या लागत नाही. ज्योत वरच जाते, म्हणून उघड्या ज्योतीच्या गॅसदिव्याचा प्रत्येक हात टोकाशी वर वळलेला असतो. वीज आली तेव्हा हात खाली वळले, कारण विजेचा गोळा उलटा टांगला तरी जळतो. दुसरी खूण चावीची. प्रत्येक हाताच्या मुळाशी एक छोटी पितळी तोटी, तिला बोटांच्या चिमटीत धरता येतील असे दोन चपटे कान. या झुंबराला तिसरी खूणही होती, आणि ती मी अजून कोणाला दाखवायला लागलो की थांबता येत नाही. मधली दांडी दुहेरी आहे. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत पाणी. पाण्याच्या त्या कड्यामुळे गॅस बाहेर निसटत नसे आणि झुंबर हाताने खाली ओढून पेटवता येई, पुन्हा वर सारता येई; तोल सांभाळायला कप्प्यांवरून साखळ्यांनी वजनं सोडलेली. पण पाणी उडून जायचं. ते आटलं की गॅस खोलीत. म्हणून मधूनमधून त्यात पाण्याची भर घालावी लागे, वर थोडं तेल सोडावं लागे, म्हणजे वाफ कमी होई. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये हे काम किती वेळा करावं लागत असेल! त्या बंगल्यात कोणीतरी गडी, कोणी आया, शाळेतून आलेला कोणी मुलगा, स्टुलावर चढून झुंबराला पाणी घालत असणार. मी ती नळी उघडली तेव्हा आत पाण्याची पातळी जिथे जिथे थांबली होती तिथे तिथे गंजाच्या बारीक रेघा होत्या. एकाखाली एक.

मुंबईत गॅसचा उजेड पहिल्यांदा आला तोही माझगावातच. जहाजबांधणीच्या घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ साली आपल्या माझगावच्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. शहराच्या रस्त्यांवर हा उजेड यायला मात्र आणखी तीन दशकं गेली. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ साली छापून निघालं, तेव्हा रस्त्यावर अजून तेलाचे दिवे होते. १८६५ च्या ऑक्टोबरात एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार या भागांत गॅसबत्त्या लागल्या. बत्तीवाला एका खांबाकडून पुढच्या खांबाकडे जायचा आणि त्याच्यामागून बघ्यांचा घोळका चालायचा, असं लिहून ठेवलेलं आहे. या शहराच्या शाळांसाठी, रेल्वेसाठी, कारभारासाठी झिजलेले नाना शंकरशेट त्याच वर्षीच्या जुलैअखेर गेले होते. दोन-सव्वादोन महिने. मला ही गोष्ट उगीचच लागून राहते.

गॅस यायचा लालबाग-परळकडून. बंद भांड्यात, हवा न लागू देता दगडी कोळसा तापवायचा. त्यातून निघालेला वायू धुऊन, गाळून, पाण्यात तरंगणाऱ्या अजस्र लोखंडी टाकीत साठवायचा आणि जमिनीखालच्या बिडाच्याच नळांतून शहरभर धाडायचा. मागे कोक उरायचा, डांबर उरायचं. लालबागला गॅस कंपनी गल्ली आजही आहे. तिथल्या तरुण मुलांना मी विचारलं, कसली गॅस कंपनी? त्यांना सिलिंडरची वाटते. त्यात त्यांचा काय दोष? कारखाना गेला, टाकी गेली, वास गेला. त्या कोळशाच्या गॅसला उग्र वास असायचा, आणि तो अजून एका ठिकाणी शिल्लक आहे: जुन्या हाताच्या नळीत. आतला काळा, चिकट थर उष्णता लागली की सुटतो आणि गाळाभर डांबराचा वास पसरतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी हातातला झाळायचा टॉर्च बंद करून तसाच बसून राहिलो.

गॅसला मारणारी वीज खूप आधीच दाराशी आली होती. क्रॉफर्ड मार्केट १८८२ सालीच विजेने उजळलं होतं, पण वीज देणारी ती कंपनी वर्षभरात बुडाली. मग १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, आणि तिची पाळंमुळं आजच्या बेस्टपर्यंत येतात. मधल्या काळात गॅसनेही जीव तोडून झुंज दिली. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली मेंटलचं पेटंट घेतलं. पुढे थोरियम आणि किंचित सेरियम यांच्या क्षारांत बुडवलेली ती जाळी जळून राखेची झाली की पिवळ्या ज्योतीच्या जागी पांढरा झगझगीत उजेड देऊ लागली. जत्रेतल्या पालावर, तमाशाच्या फडात, लग्नाच्या वरातीत डोक्यावरून जाणाऱ्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीतलं मेंटल ते हेच. ज्याने ती बत्ती पाहिली आहे, तिचा सूं-सूं आवाज ऐकला आहे, त्याने गॅसबत्तीच्या घरातलं शेवटचं माणूस पाहिलं आहे.

बिडाचे दिवे दुरुस्त करायचं हे काम मला ज्यांनी शिकवलं ते मिस्त्री देवरुखकडचे. हयात गिरणीच्या वर्कशॉप खात्यात गेली. १९८२ च्या संपानंतर पुन्हा आत जाणं झालं नाही. मग दारूखान्याच्या कडेला एका गाळ्यात बसून ते बिडाचं झाळकाम करू लागले. पंपाची फुटलेली कवचं, जुन्या शिवणयंत्रांचे पाय, क्वचित एखादा दिवा. दिवा आला की त्यांचा चेहरा बदलायचा. आधी ते त्याला हात लावत नसत. लाकडी मोगरीने प्रत्येक भागावर हलके ठोके द्यायचे आणि कान लावायचे. धड बीड घणघणतं. ज्याच्यात चीर आहे ते बद्द वाजतं, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. “डोळ्यांवर भरवसा ठेवू नको,” ते म्हणायचे, “रंगाखाली सगळी बिडं सारखीच.”

रंगाखाली! बिडाच्या दिव्याचं निम्मं काम रंगाखाली असतं. माझगावच्या झुंबराचं एक पान मी भिंगाखाली धरून पात्याच्या टोकाने थराथराने उघडत गेलो होतो. सगळ्यांत वर चंदेरी, आपल्याकडे लोखंड दिसलं की जो फासतात तो. त्याखाली सरकारी हिरवा. त्याखाली मोतिया, मग आणखी एक मोतिया, जरा पिवळसर. मग काळा. मग अगदी पातळ, तांबूस सोनेरी झाक, म्हणजे मूळ कारखान्यातला ब्राँझचा रंग. आणि तळाशी, लोखंडाला बिलगून, शेंदूर. गंज लागू नये म्हणून लोखंडाला पहिला हात शेंदराचाच द्यायची तेव्हाची रीत. ते सगळे थर मिळून एवढे जाड झाले होते की पानाच्या शिरा बुजून नुसता फुगवटा उरला होता. आपल्याकडे मारुतीवर, देवीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो आणि मूळ मूर्तीचे डोळे-नाक आत कुठेतरी राहतात, तसं हे झुंबर झालेलं होतं. वणीच्या सप्तशृंगीचं शेंदराचं कवच २०२२ साली उतरवलं आणि आतलं रूप लोकांपुढे आलं तेव्हा मी मिस्त्रींची फार आठवण काढली.

कारण ते रंग उतरवताना नेहमी थांबत. त्यांचं म्हणणं असं की हे थर म्हणजे मळ नव्हे. कोणीतरी दर काही वर्षांनी शिडी लावून, फडक्याने पुसून, डोळे तारवटून हा दिवा रंगवला. त्या पैशात घरातलं दुसरं काही येऊ शकलं असतं. ज्याने चंदेरी फासला त्याला दिव्याबद्दल माया होती म्हणूनच फासला. आपण मूळ नक्षी मोकळी करतो तेव्हा त्या सगळ्यांचे हात पुसून टाकतो. हे मला पटतं, आणि तरीही पुसावं लागतं, कारण थरांच्या आड गंज चालू असतो. शिवाय त्या जुन्या रंगांत शिसं असतं; कोरडं घासलं तर ती धूळ छातीत जाते. ओलं करून, कॉस्टिक लावून, तोंडाला मास्क बांधून, ब्रशने आणि लाकडी पात्यांनी ते सोडवायचं. वाळूचा फवारा मारला की काम लवकर होतं, पण साच्यातून निघताना बिडाला जी घट्ट त्वचा आलेली असते तीही उडते आणि पानाच्या कडा बोथट होतात. फवारा मारलेले दिवे मला दुरून ओळखता येतात. मिस्त्री एका हाताची आतली, छताकडे जाणारी बाजू तळहाताएवढी तशीच सोडायचे. सगळे थर, चंदेरीपासून शेंदरापर्यंत. मीही सोडतो.

रंग गेला की बीड उघडं पडतं आणि मुंबईच्या हवेत रात्रभरात त्यावर लाली येते. त्यावर मिस्त्रींचा उपाय हिरड्याचा. फुटका हिरडा पाण्यात उकळून, गाळून, गार करून तो काढा ब्रशने लोखंडावर द्यायचा. तांबडा गंज बघता बघता जांभळट होतो, मग निळसर, मग दाट काळा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडते. ज्या रसायनाने एकेकाळी काळी शाई व्हायची तेच इथे पानाच्या शिरेत भरतं. वर जवसाचं तेल आणि मेण, गरम असतानाच. दुकानात मिळणारे डबे मी वापरून पाहिले आहेत. काळा रंग त्यांनाही येतो. हिरड्याच्या काळ्यात मात्र खोली असते, आणि ते काम करताना गाळ्याला येणारा वास माणसाला जमिनीवर ठेवतो.

चिरेचं काम सगळ्यांत धीराचं. चीर जिथे संपल्यासारखी दिसते त्याच्या थोडं पुढे बारीकसं भोक पाडायचं, म्हणजे ती तिथे थांबते, पुढे धावत नाही. मग चिरेचे काठ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खरवडायचे आणि सगळा भाग, फक्त चीर नव्हे तर सगळा भाग, कोळशावर सावकाश तापवायचा. एकाच जागी आच दिली तर शेजारची जागा ताणते आणि टण्‌दिशी नवी चीर जाते. तो आवाज ऐकला की दिवसभर जेवण जात नाही. नीट तापलं की पितळेच्या कांडीने झाळायचं, आणि मग तो भाग कोरड्या राखेत पुरून रात्रभर विसरायचा. “घाई करू नको रे बाबा,” मिस्त्री राखेवर हात ठेवून म्हणायचे, “बीड रागावतं.” सकाळी राख कोमट लागायची. मग पुन्हा मोगरी, पुन्हा कान.

आणि चाव्या. हे मला सुरुवातीला समजत नव्हतं. गॅस येणार नाही, यायची शक्यता नाही, नळीतून आता वायर जाणार आहे. तरी मिस्त्री प्रत्येक तोटी खोलायचे. निमुळत्या पितळी खुंटीला बारीक एमरीची पेस्ट लावून तिच्या बसणीत फिरवत राहायचं, अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे, पुसायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं. दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि सोडली तिथे थांबली पाहिजे. एका गिऱ्हाइकाने या कामाचे पैसे द्यायला नकार दिला. मिस्त्रींनी ते न घेता केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: चावी अडकलेली असेल तर तो दिवा बरा झालेला नाही.

तरीही बरं झालेलं असतं ते लोखंड. हे मला पुन्हा पुन्हा बोचतं. आपण खोलतो, धुतो, झाळतो, इंचाच्या आट्यांचे जुने स्क्रू रॉकेलमध्ये भिजत घालून एकेक सोडवतो, भुगा झालेलं रबर आणि जळकी कापडी वायर ओढून काढतो, नवी घालतो, अर्थिंग देतो, पिनवाले होल्डर बसवतो. झुंबर छताला लागतं. बटण दाबलं की उजेड पडतो, आणि तो त्याचा उजेड नसतो. जुन्या लंडनच्या मापाने एक चांगला बर्नर ताशी पाच घनफूट गॅस पिऊन चौदा-सोळा मेणबत्त्यांएवढा प्रकाश द्यायचा. आजच्या हिशेबाने दोनशे ल्युमेन. नऊ वॉटचा साधा एलईडी त्याच्या चौपट देतो. म्हणजे सहा हातांचं हे झुंबर ऐन भरात जेवढा उजेड देत होतं, तेवढा आज दोन दिवेसुद्धा देतात. आपण त्याला सहा लावतो आणि लोक म्हणतात, काय सुंदर पेटलंय! मी कमीत कमी वॉटचे, पिवळ्यात पिवळे दिवे शोधतो. पण ज्योत एका जागी उभी राहत नाही. माशाच्या शेपटीच्या आकाराची ती पातळ ज्योत हलत असे, तिच्यामागे पानांच्या सावल्या छतावर हलत असत, आणि ओतणाऱ्याने ती पानं त्या हलण्यासाठीच एवढी खोल कापली होती. स्थिर उजेडात ती पानं नुसती पानं आहेत. ज्या प्रकाशासाठी हा हात वर वळला तो प्रकाश गेला. मेला. बिडाला काढा देता येतो, उजेडाला काय देणार?

लंडनमध्ये अजून गॅसबत्त्या जळतात आणि त्यांची निगा राखणारे मूठभर बत्तीवाले आहेत. तिथल्या रहिवाशांनी त्यांच्यासाठी पालिकेशी भांडण मांडलं. आपल्या शहराने एवढंही केलं नाही. आपण खांब सांभाळले ते काही थोडे, आणि त्यांच्या शेजारी अॅल्युमिनियमचे नवे खांब जुन्या नक्षीचे मुखवटे चढवून उभे केले. त्या नव्या खांबांना मोगरी लावून बघा. काहीच वाजत नाही.

मुंबईच्या बत्तीवाल्यांनो, तुम्ही कुठले होता? घाटावरचे, की कोकणातले? शिडी खांद्यावर घेऊन निघायचात तेव्हा दिवस कलायला लागलेला असायचा, आणि पहाटे पुन्हा तोच फेरा, या वेळी विझवायला. तुमच्यामागून चाललेल्या गर्दीची नोंद राहिली, तुमच्या नावाची नाही. पावसात काच उघडून ज्योत धरताना तुम्ही वाऱ्याकडे पाठ कशी करायचात, एका संध्याकाळी किती खांब तुमच्या वाट्याला यायचे, खाली पडलात तर तुमच्या घरच्यांचं कोण बघायचं, हे कुणी विचारून ठेवलं नाही. ग्लासगोच्या सॅरसेन फाउंड्रीचं नाव बघा, जगभरच्या खांबांवर, कारंज्यांवर, मंडपांवर उठावाच्या अक्षरांत ओतलेलं आहे. म्हैसूरच्या राजवाड्यातले बिडाचे खांब त्यांचेच. ती फाउंड्री १९६७ साली बंद झाली तरी नाव वाचता येतं. आणि ज्यांच्या हातांनी रोज संध्याकाळी त्या लोखंडाला अर्थ दिला, ते कुठेच कोरलेले नाहीत. मला तुमचा शोक करायचा आहे, आणि तो कोणाच्या नावाने करू हे कळत नाही.

मिस्त्री गेले ते पावसाळ्यात. गाळा भाड्याचा होता, रिकामा करून द्यायचा होता. त्यांनी आयुष्यभर कोरलेले सागवानी नमुने, पानं, घुंगरू, कंस, कठड्यांचे गज, काळा रंग दिलेले, पोत्यांत भरून ठेवलेले, सरपणात गेले. सागवान चांगलं जळतं. त्यांची पट्टी मात्र त्यांनी आधीच मला दिली होती. ती नेहमीची पट्टी नव्हे. बीड साच्यात गार होताना फुटाला एक सूत आवळतं, म्हणून नमुना करणाऱ्याचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब असतो. ही पट्टी वापरून नमुना कोरला तरच ओतलेला भाग मापात येतो. जुनाच भाग वाळूत दाबून त्याची नक्कल काढली, तर ती आखूड निघते. त्या नकलेची नक्कल आणखी आखूड. बाजारात हल्ली जे ‘जुन्या धाटणीचे’ बिडाचे दिवे मिळतात त्यांच्याकडे बघून काहीतरी बारकं वाटतं ना, त्याचं कारण पुष्कळदा हेच. कारखाना नाही, नमुना नाही, म्हणून कोणीतरी कुठलातरी हात वाळूत दाबला, मग दुसऱ्याने त्याचा दाबला. पानं बसकी होत गेली, शिरा मिटत गेल्या, आणि प्रत्येक पिढीला दिवा फुटामागे एक सूत लहान होत गेला.

माझगावच्या झुंबराचा सहावा हात दीड फुटाचा. म्हणजे दीड सूत. मी मिस्त्रींच्या पट्टीने नमुना कोरायला बसलो. माझा हात सुताराचा नाही. पानाच्या शेवटच्या वळणाशी लाकूड तासताना त्यांचा श्वास मला अजून आठवत होता, तोंडाने सोडलेला, लांब. नमुना झाला आणि मी तो घेऊन कोल्हापूरला गेलो. तिथल्या फाउंड्र्या इंजिनांचे आणि पंपांचे भाग टनांनी ओततात. एका हातासाठी भट्टीजवळ जागा कोण देणार? दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी शिरोलीतल्या एका जुन्या मोल्डरने नमुना हातात घेतला, उलटा केला, अंगठा पानावरून फिरवला आणि विचारलं, “ही पट्टी कुणाची वापरली?”

मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि पोरांना हाक मारली. दुपारच्या ओतणीत शेवटी आमचा साचा होता. ओलसर काळ्या वाळूत दोन पेट्या, मध्ये नळीसाठी कोअर, वाफ जायला सळईने टोचलेली भोकं. बाराशे-तेराशे अंशांचं ते लाल-पिवळं पाणी वाटीतून गेलं, आणि कडेच्या भोकांतून निळ्या ज्योती उभ्या राहिल्या. साच्यातला वायू बाहेर पडताना पेटतो, तसा. किती वेळ? पाच-दहा सेकंद. त्या हाताला आयुष्यात लाभलेली ज्योत तेवढीच.

दुसऱ्या दिवशी वाळू झटकली. शिरा आलेल्या होत्या. पाचही जुन्या हातांच्या पाठीवर कारखान्याचा नमुना-क्रमांक आहे, नाव नाही. तिथे काय टाकायचं, असं मोल्डरांनी ओतायच्या आधीच विचारलं होतं. मी म्हटलं, तुमची नावं टाका. त्यांना आधी वाटलं मी बोलायला म्हणून बोलतोय. मग एका पोराने पत्र्याची बारीक अक्षरं कापून नमुन्याच्या पाठीवर चिकटवली, देवनागरीत: मोल्डरचं, कोअर करणाऱ्याचं, भट्टीवाल्याचं, स्वतःचं. पाचवी ओळ मी मागून घेतली, मिस्त्रींसाठी. एवढ्या छोट्या जागेत काना-मात्रा नीट उमटतील का याची त्यांना काळजी होती. एका जोडाक्षराचा पाय थोडा भरला आहे, बाकी सगळं वाचता येतं.